नवं पोस्टग्रेस आलं आणि काट्यावर रांग लागली

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यात मांजरा पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. ऊस नोंद, वजनकाटा, ऊसबिलं सगळं एकाच डेटाबेसवर चालतं. आमच्याकडे सेंटओएस 7 या लिनक्सवर पोस्टग्रेस 11 हे डेटाबेस सॉफ्टवेअर होतं. दोन्हींचा सपोर्ट संपला म्हणून हंगामाच्या तोंडावर नवा सर्व्हर घेतला, त्यावर उबंटू 22.04 टाकलं, जुनी डेटा डिरेक्टरी उचलून नेली आणि पोस्टग्रेसची आवृत्ती बदलणारं पीजी-अपग्रेड चालवून 16 वर आलो. एका रात्रीत काम झालं, एकही एरर नाही. मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, आणि पहिल्या दिवसापासून काट्यावर बोंबाबोंब सुरू. आधी वाहन काट्यावर चढलं की लगेच पावती निघायची, आता 30-35 सेकंद नुसतं चक्र फिरतं. रात्री ट्रॅक्टरांची रांग पार डांबरी रस्त्याला टेकते. पंधरवड्याचं बिल अर्ध्या तासात निघायचं, त्याला या वेळी चार तास लागले. सॉफ्टवेअरवाले म्हणतात रॅम दुप्पट करा. एमडी साहेब म्हणतात जुन्या सर्व्हरवर परत जा. काय करू? जाता जाता आणखी एक. आमचे सभासद कोड 12-345 असे असतात. काही कोड टाकले की 'सापडत नाही' असं येतं, म्हणून क्लार्कनं दोघातिघांची नव्यानं नोंद केली आहे. ते नंतर बघू, आधी काट्याचं सांगा.

उत्तर: ते नंतर बघू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात गंभीर वाक्य तेच आहे. काट्याची रांग दिसते, म्हणून तिच्यासाठी आरडाओरडा होतो. सभासद असून सापडत नाही, हे फक्त काट्यावरच्या क्लार्कला दिसतं, आणि त्यातून एकाच शेतकऱ्याची दोन खाती होतात. एका खात्यावर निम्मा ऊस, दुसऱ्यावर निम्मा. बिलाच्या वेळी कोण निस्तरणार?

तरी काट्यापासून सुरुवात करतो, कारण तो इलाज आज, आत्ता, वजन चालू असतानाच करता येतो. काटा थांबवायची गरज नाही.

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) चालण्याआधी तिचा बेत आखणारा प्लॅनर ठरवतो की कुठल्या टेबलातून किती ओळी येतील, इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी क्रमवार यादी) वापरायचा की सगळं टेबल वाचायचं, जोडणी कशी करायची. त्यासाठी प्रत्येक रकान्याची आकडेवारी त्याच्याकडे साठवलेली असते: किती वेगळ्या किमती आहेत, कुठल्या जास्त येतात, रिकाम्या किती. पीजी-अपग्रेड तुमचा सगळा डेटा नेतं, पण ही आकडेवारी नेत नाही. 2025 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या 18व्या आवृत्तीपासून ती बरीचशी सोबत येते, 16 मध्ये येत नाही. काम संपल्यावर पीजी-अपग्रेड स्वतःच सांगतं की आता आकडेवारी नव्यानं तयार करा. ती एरर नसते, साधी सूचना असते, आणि मध्यरात्री दमलेल्या माणसाच्या नजरेतून ती हमखास सुटते.

आकडेवारी नसली की प्लॅनर ठोकताळे वापरतो. टेबल केवढं मोठं आहे हे त्याला फाइलच्या आकारावरून कळतं, आत काय आहे ते कळत नाही. मग तो धरून चालतो की रकान्यात साधारण 200 वेगळ्या किमती असतील. समजा तुमच्या ऊस नोंदीच्या टेबलात सगळ्या वर्षांच्या मिळून 6 लाख ओळी आहेत. एका सभासदाच्या नोंदी मागितल्या तर प्रत्यक्षात 15-20 ओळी निघतील, पण प्लॅनर 3,000 धरतो. 20 ओळींसाठी इंडेक्सवरून नेमक्या खेपांच्या (वाहनांच्या फेऱ्यांच्या) नोंदी उचलणं योग्य. 3,000 ओळी आहेत असं वाटलं की तो खेपांचं सगळं टेबल वाचून काढायला निघतो. फड न पाहता मुकादमानं दोन काकऱ्यांच्या उसासाठी अख्खी टोळी आणि दहा गाड्या धाडाव्यात, तसं ते. आणि हे एका वाहनासाठी नाही, काट्यावर चढणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी होतं.

तुम्ही म्हणाल, ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची आपोआप होणारी साफसफाई, चालू आहे, तो आकडेवारी करतोच की. करतो, पण टेबलात किमान 50 ओळी बदलल्याशिवाय तो त्या टेबलाकडे फिरकत नाही. या हंगामाच्या खेपांचं टेबल दिवसभर बदलतं, त्याची आकडेवारी पहिल्याच दिवशी झाली असणार. पण ऊस नोंद पावसाळ्यातच संपलेली असते. गावं, गट, वाहनं, तोडणी-वाहतुकीचे करार, मागच्या हंगामांच्या खेपा, यांतलं काहीच आता फारसं बदलत नाही. त्या टेबलांची आकडेवारी आपोआप कधीच होणार नाही, पुढच्या मार्चपर्यंत वाट पाहिली तरी. 'चार दिवस चालू द्या, सर्व्हर सेट होईल' असं कुणी सांगत असेल तर ते यासाठी ऐकू नका.

खात्री करायची असेल तर पीजी-स्टॅट-यूजर-टेबल्स हा व्ह्यू उघडा आणि लास्ट-अ‍ॅनालाइझ, लास्ट-ऑटोअ‍ॅनालाइझ हे दोन रकाने पाहा. जिथे दोन्ही रिकामे, त्या टेबलाची अपग्रेडनंतर कुणी दखल घेतलेली नाही.

आता इलाज. आकडेवारी नव्यानं करणारी व्हॅक्यूमडीबी ही कमांड 'ऑल' आणि 'अ‍ॅनालाइझ-ओन्ली' हे पर्याय देऊन चालवा, जॉब्स 4 ठेवा. बऱ्याच ठिकाणी तुम्हाला 'अ‍ॅनालाइझ-इन-स्टेजेस' वापरा असं वाचायला मिळेल. तो पर्याय अपग्रेडनंतर लगेच, डेटाबेस लोकांना खुला करण्याआधी वापरायचा असतो. त्याची पहिली फेरी मुद्दाम अगदी ढोबळ आकडेवारी करते. तुमच्या चालू टेबलांची चांगली आकडेवारी आता तयार आहे, ती तेवढ्या वेळापुरती बिघडेल आणि भर रांगेत काटा आणखी अडेल. म्हणून साधं अ‍ॅनालाइझ-ओन्लीच. यानं टेबलाचं वाचन-लेखन अडत नाही, आणि वेळही फार लागत नाही. टेबलात 6 लाख ओळी असोत नाहीतर 2 कोटी, नेहमीच्या सेटिंगला नमुना साधारण 30,000 ओळींचाच घेतला जातो. टेबलं हंगामवार पार्टिशन केलेली, म्हणजे तुकड्यांत वाटलेली, असतील तर मूळ टेबलाचं नाव घेऊन अ‍ॅनालाइझ वेगळं चालवा, ऑटोव्हॅक्यूम मूळ टेबलाला हात लावत नाही.

हे करण्याआधी एक गोष्ट मात्र न चुकता करा. पावतीची जी क्वेरी अडते ती, क्वेरी कशी चालली ते दाखवणारं 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ बफर्स' लावून चालवा आणि निकाल फाइलमध्ये ठेवा. अ‍ॅनालाइझनंतर तीच पुन्हा चालवा. प्रत्येक पायरीवर अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी असे दोन आकडे दिसतील. जिथे 3,000 च्या समोर 18 दिसतं, तिथे दुखणं आहे. दोन्ही कागद एमडी साहेबांच्या टेबलावर ठेवा, रॅमचा विषय तिथल्या तिथे मिटेल. फक्त लक्षात असू द्या, हे करताना क्वेरी खरोखर चालते. इन्सर्ट किंवा अपडेट तपासायचं असेल तर आधी बिगिन, नंतर रोलबॅक, म्हणजे बदल कायम होणार नाही.

माझ्या अंदाजानं काट्याचा बहुतेक त्रास इथेच संपेल. तरी थोडा उरला, तर एक्सप्लेनच्या तळाशी जेआयटी असा भाग दिसतो का पाहा. जेआयटी म्हणजे क्वेरीचा काही भाग चालवण्याआधी मशीनच्या भाषेत बनवून घेणं. पोस्टग्रेस 11 मध्ये ते आलं पण बंद होतं, 12 पासून मुळातच चालू असतं. मोठ्या अहवालाला त्याचा फायदा होतो. पावतीसारख्या छोट्या कामाला मात्र तयारीतच वेळ जातो. प्लॅनरनं खर्च फुगवून धरला की ते नको तिथे सुरू होतं, म्हणून आकडेवारी झाल्यावर बऱ्याचदा ते आपोआप मागे हटतं. नाही हटलं तर काट्याचं सॉफ्टवेअर ज्या युजरनं जोडतं, तेवढ्या युजरपुरतं जेआयटी बंद करा. सगळ्या सर्व्हरवर बंद करायची गरज नाही.

आता सभासद कोडाकडे वळू, आणि इथे मला तुमचं पूर्ण लक्ष हवं.

अक्षरी मजकुराचा क्रम कसा लावायचा हे पोस्टग्रेस सहसा स्वतः ठरवत नाही, लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारतं. सेंटओएस 7 मध्ये ती 2.17 होती, उबंटू 22.04 मध्ये 2.35 आहे. मधल्या 2.28 मध्ये क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. तुमच्याच कोडांवर दाखवतो. 1-234 आणि 12-3 हे दोन कोड घ्या. जुनी लायब्ररी आधी मधली आडवी रेघ बाजूला ठेवायची, म्हणजे तिच्या लेखी हे 1234 आणि 123. त्यामुळे 12-3 आधी, 1-234 नंतर. नवी लायब्ररी रेघेला अक्षरासारखं मोजते आणि आकड्यांच्या आधी ठेवते, म्हणून 1-234 आधी. क्रम उलटा झाला.

पीजी-अपग्रेड इंडेक्सच्या फाइली जशाच्या तशा उचलतं. म्हणजे तुमचा सभासद कोडाचा इंडेक्स जुन्या क्रमानं रचलेला आहे आणि शोधणारा नव्या क्रमानं शोधतो. कोड जिथे असायला हवा तिथे तो नाही, म्हणून 'सापडत नाही'. आणि दुहेरी नोंद होऊ नये म्हणून लावलेला युनिक इंडेक्सही याच वाटेनं शोधतो, त्यालाही जुनी ओळ दिसत नाही. म्हणून क्लार्कची नवी नोंद बिनबोभाट आत गेली. त्या क्लार्कला बोल लावू नका, त्याच्या समोर स्क्रीन जे सांगत होता त्याला धरून तो वागला.

जुना सर्व्हर अजून असेल तर दोन्हीकडे ते दोन कोड एका फाइलमध्ये लिहून सॉर्ट कमांड द्या. तुमच्या डेटाबेसचा जो लोकेल (भाषा आणि क्रमाची सेटिंग) आहे, बहुधा इंग्रजी यूटीएफ-8, तोच लावून. फरक डोळ्यांनी दिसेल. डेटाबेसचं कोलेशन, म्हणजे क्रमाचे नियम, 'सी' असेल तर मात्र हे कारण नाही, तो क्रम लायब्ररीवर अवलंबून नसतो. नवं पोस्टग्रेस कोलेशन बदललं की इशारा देतं असं तुम्ही ऐकलं असेल. डेटाबेसच्या कोलेशनची आवृत्ती 15 पासून नोंदली जाते. तुमच्या 11 मध्ये ती नोंदच नव्हती, तर ताडून पाहणार कशाशी? इशारा आला नाही यावर विसंबू नका.

तर आज संध्याकाळच्या पाळीपासून हा नियम लावा: कोड सापडला नाही तर नवी सभासद नोंद बंद. वजन करा, पावती हातानं लिहा, कोड आणि वाहन वहीत टिपा. वाहन थांबवू नका. उसाचं वजन वाळून घटतं ते शेतकऱ्याचं, आणि गाडीवर रात्रभर थंडीत बसतात ती तोडणीची माणसं.

मग पूर्ण बॅकअप घ्या. पीजी-अ‍ॅमचेक हे साधन 14 पासून सोबत येतं, त्यानं इंडेक्स तपासा. क्रम चुकलेले इंडेक्स ते नावानिशी सांगतं. त्यानंतर दुहेरी ओळी शोधा, पण ज्या इंडेक्सवर भरवसा नाही त्याच्यातूनच शोधू नका. त्या सेशनमध्ये इंडेक्स स्कॅन, इंडेक्स-ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन हे तिन्ही बंद करा आणि सभासद टेबलावर कोडनुसार गट पाडून एकाहून जास्त वेळा आलेले कोड काढा. तुम्ही दोघातिघांचं लिहिलंत, यादी त्याहून लांब निघाली तर नवल नाही. मजकुरी रकान्यावर जिथे जिथे युनिक इंडेक्स आहे तिथे हेच करा. वाहन क्रमांक आणि बँक खाते क्रमांक तर आवर्जून.

दुहेरी खाती एकत्र करणं हे एकट्या संगणक विभागाचं काम नव्हे. शेतकी खातं, शेअर विभाग आणि अकाउंट्स यांना बसवा. कुठलं खातं मूळ हे त्यांच्या सहीनं ठरू द्या. मगच नव्या खात्यावरच्या खेपा मूळ खात्यावर वळवा आणि जादा ओळ काढा. यादी कागदावर ठेवा, ऑडिटच्या वेळी विचारतील आणि विचारायलाच हवं.

त्यानंतर रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्यानं बांधणं. साध्या रीइंडेक्सनं त्या टेबलात लिहिणं अडतं, म्हणून 'कन्करंटली' जोडा. ही सोय 12 पासून आहे, म्हणजे तुमच्या 16 मध्ये आहेच. फक्त मजकुरी रकान्यांचे इंडेक्स बांधले तरी पुरे, आकडे आणि तारखांच्या इंडेक्सना धक्का लागलेला नाही. एखादी दुहेरी ओळ राहून गेली तर युनिक इंडेक्स बांधताना एरर येईल आणि मागे 'सीसीन्यू' शेपटीचा अर्धवट इंडेक्स उरेल. तो काढून टाका, ती ओळ निस्तरा, पुन्हा बांधा.

बिलाचं थोडक्यात. नव्या सर्व्हरवर कॉन्फिग फाइल नवी असते, जुनी सेटिंग्ज सोबत येत नाहीत. तुम्ही ती हातानं उतरवली नसतील तर शेअर्ड-बफर्स (सगळ्यांची सामायिक मेमरी) 128 एमबी आणि वर्क-मेम (एकेका कामाची मेमरी) 4 एमबी असणार. एवढा मोठा सर्व्हर घेऊन त्याला एवढंच वापरायला दिलं, तर आणखी रॅम घालणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शेअर्ड-बफर्स रॅमच्या पाव हिश्शापासून सुरू करा, त्याला रीस्टार्ट लागतो, तो पाळी बदलताना घ्या. वर्क-मेम सरसकट वाढवू नका, ते प्रत्येक सॉर्टला आणि प्रत्येक हॅशला वेगळं लागतं. बिल काढायच्या सेशनपुरतं वाढवा. शिवाय बिलाच्या क्वेरीत 'विथ' वापरून टप्पे केलेले असतील तर ते पाहा. 11 पर्यंत असा टप्पा वेगळा काढून ठेवला जायचा. 12 पासून तो एकदाच वापरला असेल तर मुख्य क्वेरीत मिसळला जातो आणि सगळा प्लॅन बदलतो. जिथे यामुळे बिघडलं आहे तिथे 'मटेरियलाइज्ड' हा शब्द घातला की जुनी चाल परत येते. यात चालढकल नको. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशिरावर 15 टक्के व्याज. आणि तोवर दुहेरी खाती मिटलेली नसतील तर बिल वेगानं निघून उपयोग काय, ते चुकीचंच निघेल.

आता एमडी साहेबांची सूचना. जुन्या सर्व्हरवर परत गेलात तर मोळी पडल्यापासूनच्या सगळ्या खेपा तिकडे नाहीत. त्या हातानं भराव्या लागतील, काटा चालू असताना. शिवाय पोस्टग्रेस 11 चा सपोर्ट 2023 च्या नोव्हेंबरमध्ये संपला, सेंटओएस 7 चा 2024 च्या जूनमध्ये. 16 ला 2028 च्या नोव्हेंबरपर्यंत आहे. तुमचा निर्णय बरोबर होता, हे त्यांना ठामपणे सांगा. मागे जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

एक किरकोळ पण उपयोगी. कुठल्या क्वेरी अडतात हे कळायला 'लॉग-मिन-ड्युरेशन-स्टेटमेंट' 1,000 मिलिसेकंदांवर ठेवा, त्याला रीस्टार्ट लागत नाही, रीलोड पुरतो. क्वेरींची वेळ मोजणाऱ्या पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्सवर तुमची जुनी स्क्रिप्ट असेल तर ती चालणार नाही. 13 पासून 'टोटल-टाइम' या रकान्याचं नाव 'टोटल-एक्झेक-टाइम' झालं आहे.

आणि पुढचं अपग्रेड हंगाम संपल्यावर, मे-जूनमध्ये धरा. चालू हंगामातल्या गर्दीच्या एका दिवसाच्या पावती, टोकन आणि बिलाच्या क्वेरी आत्ताच बाजूला काढा, त्यांचे दुरुस्तीनंतरचे प्लॅन जपून ठेवा. नव्या आवृत्तीच्या चाचणी सर्व्हरवर त्याच चालवून दोन्ही प्लॅन शेजारी ठेवा. पीजी-अपग्रेडऐवजी डंप (सगळ्या डेटाची प्रत) घेऊन रीस्टोअर करायला वेळ असेल तर तेच करा. त्यात इंडेक्स नव्यानं बांधले जातात, कोलेशनचा हा घोळ होतच नाही. फक्त आकडेवारी तेव्हाही वेगळी चालवावी लागेल.

अ‍ॅनालाइझ आधीचे आणि नंतरचे दोन्ही एक्सप्लेन, आणि पीजी-अ‍ॅमचेकनं काय सांगितलं ते, मला पाठवा. सभासदांची नावं आणि खाते क्रमांक त्यातून काढून.